पट्टे कधी बांधायचे

दर जूनमध्ये माझ्याकडे जिम्नॅस्टिक्स शिकायला नव्या मुली येतात आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या आया येतात. पहिले पंधरा दिवस या आया भिंतीला टेकून बसतात, मोबाईलवर व्हिडिओ काढतात, आणि मग त्यांच्यातली एखादी उठून मला विचारतेच, "मॅडम, हिला ग्रिप कधी द्यायच्या?" परदेशी मुलींच्या हातांवरचे ते चामड्याचे पट्टे त्यांनी कुठल्यातरी व्हिडिओत बघितलेले असतात. इकडे आपल्या मुलीच्या तळहाताची साल निघालेली असते, ती रात्री भात कालवताना रडलेली असते. आईचा जीव तुटणारच. मी म्हणते, "वय विचारू नका, हात दाखवा." मग मुलीचा तळहात उघडते, बोटांच्या मुळाशी अंगठा दाबून घट्टा कुठवर आलाय ते बघते, आणि बहुतेक वेळा सांगते की अजून नाही.

हे वाक्य माझं नाही. अंगठा दाबायची रीतही माझी नाही. दोन्ही मगदूम सरांची. ज्या माणसानं मला आयुष्यातला सगळ्यात मोठा दगा दिला, त्याचंच बोलणं मी रोज तोंडात घेऊन फिरते, याचा मला राग येतो. पण त्याहून बरं काही सांगायला मला आजवर सुचलेलं नाही, आणि याचा तर जास्तच राग येतो.

मगदूम सर आमच्या शाळेत पीटी शिकवायचे. शाळा बेळगावात आणि मी जवळच्या मच्छे गावची. शाळेच्या मागं पत्र्याचा एक लांबट हॉल होता. तिथं पूर्वी मोडकी बाकं रचून ठेवलेली असत. सरांनी ती हलवली, गाद्या आणल्या, एक बीम उभा केला आणि दोन बार लावले. वरचा बार मुलांचा, लोखंडी आणि बारीक. खालचा कुठून तरी आणलेला, जाडजूड लाकडी. त्यांची जोडी काही जमत नव्हती, पण आम्हाला तेव्हा बार म्हणजे असाच असतो असं वाटायचं.

सर बुटके, दंडानं जाड आणि चालताना किंचित पुढं झुकलेले. पांढरा हाफ शर्ट, पँटचे पाय मोज्यात खोचलेले, गळ्यात शिट्टी. ती शिट्टी त्यांनी वाजवलेली मी एकदाही ऐकली नाही. शिट्टी वाजली की पोरं दचकतात आणि बारवर दचकलं की संपलं, असं त्यांचं म्हणणं होतं. मग घालता कशाला, असं आमच्यातल्या वैशालीनं एकदा धिटाईनं विचारलं. सर म्हणाले, "हेडमास्तर बघत्यात म्हणून." आम्ही हसलो. त्या उत्तरात सरांचा निम्मा स्वभाव होता, हे कळायला मला बराच वेळ लागला.

ते आम्हाला नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. मी मच्छे. एक खानापूर होती, एक टिळकवाडी, दोन बहिणी होत्या त्या थोरली येळ्ळूर आणि धाकटी येळ्ळूर. आकडे मोजायचे ते कन्नडमध्ये, ओंदु, एरडू, मूरू. रागवायचे मराठीत. शाबासकी मात्र इंग्रजीत, एकच शब्द, "गुड," आणि तोही महिन्यातून एखादवेळी. तो मिळाला की मी बसमध्ये खिडकीशी बसून मच्छे येईस्तोवर स्वतःशीच म्हणत राहायचे.

हॉलमध्ये शिरलं की बूट काढायचे आणि सरांसमोर ओळीनं हात पसरून उभं राहायचं. हे रोज. ते एकेकीचा तळहात धरून उजेडाकडं वळवायचे. नख वाढलंय का, घट्टा फार उंच आलाय का, कुठं फोड भरलाय का. घट्टा वाढला असेल तर घरी जाऊन वजरीनं घासायचा, साल निघाली असेल तर रात्री लोणी लावायचं आणि दोन दिवस बार बंद. कुणी हात मागं लपवला तर त्यांना बरोबर कळायचं. शाळेतली बाकीची मुलं आम्हाला चिडवायची, की तुमच्या मास्तरांकडून भविष्य बघून घेता काय गं. आम्हाला त्याची लाज वाटत नसे. आमचे हात इतकं मन लावून कुणी घरीही बघत नव्हतं.

त्यांच्याकडे जुन्या हजेरीपटाची एक लांब वही होती. वर्षातून दोनदा त्या वहीच्या पानावर आम्ही हात टेकवायचा आणि सर निळ्या पेन्सिलीनं भोवती रेघ ओढायचे. मागच्या वेळच्या हाताच्या वरच नवा हात. दोन रेघांमध्ये जेवढं अंतर, तेवढा हात वाढला. जिचा हात भराभर वाढतोय तिला पट्टे नाहीत. कारण पट्टा हातावर बेताचा बसला पाहिजे, आणि आज बेताचा बसलेला सहा महिन्यांनी बसणार नाही. हात थांबत आला, उघड्या हातानं लागोपाठ दहा वेळा बारवर चढता आलं, आणि बारवर सरळ उलटं उभं राहता आलं, की मग सर पट्ट्यांचं नाव काढायचे. तोवर उघडा हात आणि पांढरी पावडर. लवकर पट्टे बांधले की मुलगी चामड्याच्या जोरावर लटकते आणि मनगटात ताकद येतच नाही, हे ते प्रत्येक आईबापाला सांगायचे.

पट्ट्यांची भीतीही त्यांनीच आमच्या मनात घातली. एकदा त्यांनी लांब झाडूचा दांडा मागवला, त्यावर टॉवेल टाकला आणि टॉवेल दांड्याभोवती गुंडाळायला लावला. टॉवेल तोकडा होता तोवर दांडा फिरत राहिला. मग त्यांनी लांब टॉवेल घेतला. त्याचा पदर दांड्याभोवती फिरून स्वतःच्याच खाली आला आणि दांडा जागीच अडकला. "लांब पट्टा असा लॉक होतो," सर म्हणाले. "हात तिथंच राहतो अन् अंग फिरतंय. मग काय मोडतंय ते सांगा." धाकटी येळ्ळूर म्हणाली, टॉवेल. सरही हसले त्या दिवशी.

टिळकवाडीतल्या एका वकीलबाईंनी आपल्या दहा वर्षांच्या मुलीसाठी पुण्याहून गुलाबी पट्टे आणले होते. बाई ठसक्यात म्हणाल्या की तिथं सगळ्या मुली वापरतात. सरांनी पट्टे हातात घेऊन उलटसुलट बघितले, छान आहेत म्हणाले, भिंतीवरच्या खिळ्याला अडकवले आणि त्यावर मुलीच्या नावाची चिठ्ठी लावली. "राहू देत. तिची वाट बघतील." बाई रागानं गेल्या, पण मुलगी येत राहिली. तीन वर्षांनी सरांनी ते पट्टे खिळ्यावरून काढून तिच्या हाताला लावून बघितले, तर ते तोकडे. मुलगी रडकुंडीला आली. सर तिला घेऊन निपाणीला गेले आणि तिथल्या एका चपला करणाऱ्या कारागिराकडून तिच्या मापाचे पट्टे शिवून आणले. ज्या मोठ्या मुलींना पट्टे मिळत, त्या सगळ्यांचे तोच माणूस करायचा. हाताचं माप सरांच्या वहीतलं आणि चामडं चपलेचं.

निपाणी सरांचं गाव. कोल्हापूरला एका स्पर्धेला जाताना त्यांनी आम्हा सहाजणींना आपल्या घरी नेलं होतं. त्यांच्या आई दारात सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत बसल्या होत्या. हात इतका भराभर चालत होता की आम्ही जेवण विसरून बघत राहिलो. सरांनी आईला म्हटलं, आक्का, पोरींना हात दाखव. त्यांनी हात पुढं केला. बोटांची टोकं चपटी झालेली, उजव्या हाताची करंगळी सरळच होत नव्हती. आक्का म्हणाल्या की मला सातव्या वर्षी बसवलं, हात वाढायच्या आधीच कामाला लागला, तो असाच वाढला. एवढं बोलून त्यांनी आम्हाला भाकरी वाढली. परतीच्या गाडीत सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कळलं का, मी घाई का करू देत न्हाय ते?" तेव्हा मी अकरा वर्षांची होते. त्या माणसासाठी मी काहीही केलं असतं.

हे सगळं खरं आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं सांगताना मला तो माणूस पहिल्यापासून ढोंगी होता असं म्हणायचा मोह होतो. तो नव्हता. म्हणूनच लागलं.

वैशाली आमच्यातली वयानं मोठी आणि सगळ्यात तयार मुलगी. त्या वर्षीच्या राज्य निवडीला तीच जाणार होती. पण तिच्या घरच्यांनी तिला कोल्हापूरला मामाकडे ठेवलं, तिथला पत्ता लावला, आणि ती महाराष्ट्राकडून खेळायला लागली. आमच्या भागात हे नवं नाही. इकडचं नाही जमलं तर तिकडं, अर्ध्या गावाचे नातेवाईक दोन्ही राज्यांत असतात. सरांना मात्र ते फार लागलं. ती जाताना तिनं आपले पट्टे सरांच्या कपाटात ठेवले आणि सर तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. त्याच सुमाराला शाळेच्या संचालकांनी कळवलं की यंदा राज्य निवडीत एकही मुलगी गेली नाही तर हॉल रिकामा करून द्यावा लागेल, तिथं कॉम्प्युटर बसवायचे आहेत. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की सर आता हात बघताना घाई करतात.

निवडीला दहा दिवस होते. वैशालीच्या जागी मला पाठवायचं ठरलं होतं, आणि वैशाली जे करायची ते मला करायला हवं होतं: बारभोवती हात ताठ ठेवून पूर्ण गोल फिरणं, ज्याला जायंट म्हणतात. उघड्या हातानं माझे दोन फेरे व्हायचे आणि तिसऱ्याला हात सुटायचा. गुरुवारी संध्याकाळी सगळ्या गेल्यावर सरांनी कपाट उघडलं, वैशालीचे पट्टे काढले आणि माझ्या हातात दिले. "घरी ने. हातात घालून हिंड. सवय कर." मी बारा वर्षांची होते, माझा हात त्या जुलैत पेन्सिलीच्या रेघेच्या चांगला बाहेर आला होता. मी म्हटलं, सर, वही? ते म्हणाले, "वही राहू दे आता."

घरी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं हे काय. मी सांगितलं, सरांनी दिलेत. आप्पांचा चेहरा उजळला. ते मच्छेच्या कारखान्यात लेथवर कामाला होते, शाळा सातवीपर्यंत. सर एकदा त्यांना म्हणाले होते की हिच्या हातात काहीतरी आहे. ते वाक्य आप्पांनी आमच्या सगळ्या पाहुण्यारावळ्यांत पोचवलं होतं.

शनिवारी सकाळी, हॉलमध्ये पलीकडं फक्त बारक्या पोरी असताना, सरांनी ते पट्टे स्वतः माझ्या हाताला बांधले. मनगटाचं बक्कल ओढलं, दोन बोटं आत घालून बघितलं आणि मला वर उचललं. पहिला फेरा झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला उजवा पट्टा बारवर दुमडून अडकला. टॉवेल अडकला होता तसाच. मला आवाज ऐकू आला, कळ नंतर आली.

दवाखान्याच्या बाकावर मी पडले होते. डॉक्टरांनी पट्टा कात्रीनं कापून काढला. हेडमास्तर आले, मग आप्पा कारखान्यातून तसेच आले, तेलकट कपड्यांत. हेडमास्तरांनी विचारलं, काय झालं. मी सरांकडं बघत होते, कारण मला वाटलं आता सर सांगतील. सर म्हणाले, "हिनं कपाटातनं न इचारता काढलं. मी पलीकडं बारक्या पोरींचं बघत होतो." आवाज अगदी नेहमीचा होता. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही.

घरी आल्यावर मी आप्पांना सांगितलं की पट्टे सरांनी दिले, सरांनीच बांधले. आप्पा म्हणाले, मग सर खोटं बोलतात? आमच्या घरात या प्रश्नाला एकच उत्तर होतं. मी पुन्हा सांगितलं. तेव्हा ते जे म्हणाले ते मला अजून ऐकू येतं. "हात मोडला त्याचं मला काय न्हाय वाटत. पण मला तोंडावर सांगितलंस सरांनी दिल्यात म्हणून. खोटं बोललीस गं पोरी." ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी, हात गळ्यात बांधलेला असताना, आप्पा मला बसनं बेळगावला घेऊन गेले आणि हॉलमध्ये सगळ्या मुलींसमोर सरांच्या पाया पडायला लावलं. मी एका हातानं पडले. सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आप्पांना म्हणाले, "असू दे. पोरं हायत, चुकत्यात." त्यांनी मला माफ केलं. माझ्या सगळ्या आयुष्यात इतकं चीड आणणारं कधी काही घडलेलं नाही, आणि मी रडले ती त्यामुळं रडले, पण बघणाऱ्यांना वाटलं पश्चात्ताप झाला.

हॉल राहिला. मुलीनं ऐकलं नाही त्यात मास्तरांची काय चूक, असं संचालक म्हणाले आणि त्यांनी एक वर्षाची मुदत दिली. पुढच्या वर्षी थोरली येळ्ळूर निवडली गेली. माझ्या हाताची दोन्ही हाडं जुळली, पण उजवा तळहात पूर्ण उताणा होत नाही. देवळात तीर्थ घेताना निम्मं ओघळून जातं. बारवर मी परत गेले नाही. शिकले, पीटीचीच पदवी घेतली, आणि आता बेळगावात लहान मुलींना शिकवते. माझ्याकडेही एक लांब वही आहे आणि तीत निळ्या रेघा आहेत.

हाताचं मला फारसं वाटत नाही. एकच गोष्ट मला बारा वर्षांची असल्यापासून हवी होती. आप्पांनी एकदा म्हणावं, तू खोटं बोलली नव्हतीस. मी सांगून ते होणार नव्हतं, मी दोनदा सांगून बघितलं होतं. ते सरांनीच सांगायला हवं होतं. आप्पा आता सत्तरीला आले, पण आजही कुणी माझ्या हाताबद्दल विचारलं की म्हणतात, सरांचं ऐकलं असतं तर कुठल्या कुठं गेली असती. मायेनं म्हणतात, आणि मी आत जाऊन चहा ठेवते.

गेल्या वर्षी माझ्याकडच्या एका आईनं सांगितलं की ती सुट्टीत मुलीला निपाणीकडच्या एका शिबिराला घेऊन गेली होती. तिथं एक म्हातारे सर आले होते, पट्टे कधी बांधायचे यावर फार सुंदर बोलले. त्यांनी एक गोष्टही सांगितली. मच्छेची एक मुलगी होती, फार गुणी, पण तिनं ऐकलं नाही, चोरून मोठ्या मुलीचे पट्टे बांधले आणि हात मोडून घेतला. सर सांगताना गहिवरले म्हणे. मग त्या बाईनं विचारलं, "मॅडम, तुम्ही मच्छेच्याच ना? तुम्हाला माहीत असेल ती." मी माहीत नाही म्हटलं.

त्याच दिवशी मी नंबर मिळवून फोन केला. म्हटलं, सर, मी रूपा, मच्छेची. ते म्हणाले, "बोल की, मच्छे." मी काय काय बोलणार होते ते सगळं पाठ केलं होतं. त्यातलं काहीच बोलले नाही. एवढंच विचारलं की पट्टे कुणी दिले होते. ते म्हणाले, "मीच दिलतं. मी काय इसरलो न्हाय." अगदी सरळ म्हणाले. म्हटलं, मग एकदा येऊन आप्पांना सांगा, मला दुसरं काही नको. ते म्हणाले, येतो. डोळे दाखवायला बेळगावला यायचंच होतं त्यांना.

ते एका रविवारी आले. वाळले होते, जाड भिंगाचा चष्मा लागला होता, गळ्यात शिट्टी नव्हती. आप्पांनी सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून ते रस्त्यापर्यंत सामोरे गेले, सरांना आतली चांगली खुर्ची दिली, स्वतः स्टुलावर बसले. पोहे झाले, चहा झाला. गुडघ्यांवर बोलणं झालं, निपाणीच्या पाण्यावर झालं. मी दाराला टेकून उभी होते. शेवटी मीच म्हटलं की सर तुम्हाला काहीतरी सांगणार आहेत, आप्पा.

सरांनी कप खाली ठेवला. "आप्पा, त्या टायमाला हिनं पट्टं चोरलं न्हवतं. मीच दिलतं. बांधलतं पण मीच."

आप्पांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "म्हंजे ही खरं बोलत होती."

"व्हय."

आप्पा स्टुलावरून अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. त्यांचे डोळे भरून आले होते. मला हवं होतं ते माझ्यासमोर होतं, ते आता बोलणार होते, आणि मी सरांना खरंच माफ करायला निघाले होते. मग आप्पांनी सरांकडं बघितलं. रागानं नाही, नुसतं बघितलं. पण तसं आजवर त्यांनी सरांकडं कधी बघितलं नव्हतं. सरांना ते सोसलं नाही.

ते म्हणाले, "पण एक सांगा आप्पा. त्या पट्ट्याला एरंडेल कुणी लावलतं? मला बांधतानाच वास आलता."

मी हे कधी ऐकलं नव्हतं. आप्पा हळूच म्हणाले, "मी. हिच्या पिशवीत बघितलं, चामडं कोरडं ठणठणीत होतं. नव्या चपलेला लावतो तसं लावलं. पोरीचा हात सोलू नये म्हणून."

"तेच की," सर म्हणाले. ते खुर्चीत सावरून बसले आणि त्यांचा आवाज हॉलमधला झाला. तेलानं चामडं मऊ होतं, मऊ झालं की ताणून लांबतं, लांबलं की बारवर दुमडतं आणि अडकतं. त्यांनी हातानं करून दाखवलं. त्यात एक शब्द चुकीचा नव्हता. मी हेच प्रत्येक आईला सांगते, की पट्ट्यांना तेलाचा थेंब लावू नका. शनिवारी सकाळी ते मऊ लागले होते हे मला आठवलं. मी ते हातात घालून हिंडल्यामुळं असेल असं धरून चालले होते. आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. वास बांधतानाच आला होता. वास आला होता आणि तरी त्यांनी बक्कल ओढलं होतं.

आप्पा आपले दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवून बघत होते. "म्हंजे माझ्यामुळं झालं," ते म्हणाले.

मी त्यांच्याजवळ खाली बसले. म्हटलं, तेलानं काही होत नाही आप्पा, दोन दिवसांच्या तेलानं काय होणार. पट्टे वैशालीच्या मापाचे होते, मला मोठे होते, त्यानं झालं. मी रोज हेच काम करते, मला माहीत आहे. ते माझं ऐकत नव्हते. ते सरांकडं बघत होते. आमच्या घरात याबाबतीत अजूनही सरांचाच शब्द चालत होता. मग मीही सरांकडं वळले.

"सर, तुम्ही सांगा आप्पांना. पट्टे मोठे होते. तेलानं काही झालं नाही."

एक शब्द पुरला असता. खोटं बोलले असते तरी चाललं असतं, त्यांना काही जड नव्हतं. सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं.

"निपाणीला आता गाडी कितीला हाय?" त्यांनी विचारलं.

आप्पांनी वेळ सांगितली. मग सवयीनं उठले, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाले, चला, मी सोडतो. मी दारात उभी राहिले. रस्त्यानं दोघं सावकाश चालले होते, सर पुढं आणि आप्पा अर्धं पाऊल मागं, सरांची पिशवी आप्पांच्या हातात.